'कोर्सली': मिरी कुटताना एक, माणूस हसताना दुसरं

इंग्रजी 'कोर्सली' (coarsely) हा शब्द असलेली तीन वाक्यं तुम्ही पाठवली आहेत. पहिलं पाककृतीतलं: काळी मिरी 'कोर्सली' कुटून घ्या. दुसरं कादंबरीतलं: तो गाडीवान 'कोर्सली' हसला. तिसरं त्याच कादंबरीतलं: धुण्याच्या सोड्यानं हात 'कोर्स' झालेली मोलकरीण मालकिणीशी 'कोर्सली' बोलते. शब्दकोशात तुम्हाला 'खडबडीतपणे. असभ्यपणे' असं मिळालं आणि त्यातलं काहीच कुठे बसेना. एकाच क्रियाविशेषणाला खरखरीत पोत आणि अचरट वागणं हे दोन्ही अर्थ कसे, आणि मराठीत लिहायचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. इंग्रजीतून मराठीत आणण्याच्या कामात माझी तीसेक वर्षं गेली आणि या शब्दानं मला अनेकदा अडवलं आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पहिल्या दोन वाक्यांची घाई असेल तर ती आधी घ्या. 'मिरी जाडसर कुटून घ्या.' 'गाडीवान अचकटविचकट हसला.' तिसरं अवघड आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आता अर्थ दोन कसे झाले ते. इंग्रजीत 'कोर्स' उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक (course) म्हणजे क्रम, ओघ, मार्ग. अभ्यासक्रमाला आपण कोर्स म्हणतो तो हाच. दुसरा (coarse) म्हणजे जाडाभरडा. स्पेलिंग वेगळं असल्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला ते परके वाटतात, पण देवनागरीत लिहिले की दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आणि इथे देवनागरीच इतिहासाच्या जास्त जवळ आहे. व्युत्पत्तीचे अभ्यासक या दोघांना एकाच मुळाचे मानतात. लॅटिनमध्ये धावण्याला जो शब्द होता त्यापासून फ्रेंचमार्गे 'ओघ, नेहमीचा क्रम' हा अर्थ इंग्रजीत आला. नेहमीच्या क्रमातलं म्हणजे रोजचं, साधं. पंधराव्या शतकात तो कापडाला लागला: रोज वापरायचं, सणासुदीचं नव्हे असं कापड. रोजचं कापड जाड सुताचं, म्हणून साध्याचा अर्थ जाड, खरखरीत असा झाला. मग ते कापड अंगावर घालणाऱ्यांकडे बोट वळलं आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत वागण्या-बोलण्यालाही तोच शब्द लागला. स्पेलिंगमध्ये 'u'च्या जागी 'a' सोळाव्या शतकाच्या अखेरीस शिरला आणि दोन भावंडांची ताटातूट झाली.

म्हणजे या शब्दात आधी पोत आणि मग असभ्यता असा सरळ प्रवास नाही. सुरुवातीला 'साधारण' होतं. त्यातून पोतही निघाला आणि तुच्छताही.

हे इंग्रजांचंच काही खास आहे असं समजू नका. आपल्या 'चालू' शब्दाकडे बघा. चालणे या क्रियापदापासून चालू: चालू वर्ष, चालू खातं. मग बाजारात 'चालू माल', म्हणजे साधारण, खास नसलेला. कापडाच्या दुकानात 'हे चालू आहे, ते भारी आहे' असं दुकानदार सहज सांगतो. आणि मग 'तो माणूस जरा चालू आहे'. धावण्यापासून इंग्रजी शब्द जिथे पोचला, चालण्यापासून मराठी शब्द जवळपास तिथेच पोचला. अर्थाची शेवटची छटा निराळी आहे, चालू माणूस लबाड असतो, शिवराळ असेलच असं नाही. पण रस्ता तोच: नेहमीचा, मग सामान्य, मग हलका, मग चारित्र्यावर शिक्का. 'हलकं' हा शब्दही तसाच. हलकं कापड, हलकी जात, आणि शेवटी हलकट.

इंग्रजीत या घराण्यातले शब्द पुष्कळ आहेत. 'व्हल्गर' लॅटिनमधल्या सामान्य जनतेसाठीच्या शब्दापासून आला. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचं लॅटिन भाषांतर झालं त्याला 'व्हल्गेट' म्हणतात ते याच मुळावरून, आणि त्यात काही असभ्य नाही. 'रूड' म्हणजे मुळात न घडवलेलं, 'क्रूड' म्हणजे कच्चं, 'ग्रोस' म्हणजे जाड. 'व्हिलन' हा मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस. उलट बाजूला 'पोलाइट' म्हणजे घासून गुळगुळीत केलेलं. पोत आणि स्वभाव यांची सांगड माणसाला आपोआप सुचते, कारण दोन्ही गोष्टी आपल्याला लागतात, टोचतात.

पण अर्थ कसा आला हे कळलं तरी भाषांतर सुटत नाही. ते सुटतं व्याकरणानं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, आणि मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

'मिरी कोर्सली कुटा' यात क्रियाविशेषण कुटण्याबद्दल बोलतं असं वाटतं. बोलत नाही. कुटणारा कितीही हळुवारपणे कुटो, मिरी जाडसर निघाली म्हणजे झालं. इथे शब्द क्रियेला जोडला असला तरी तो वर्णन करतो क्रियेतून निघालेल्या वस्तूचं. 'गाडीवान कोर्सली हसला' यात मात्र हसण्यातून कुठली वस्तू निघत नाही. तिथे शब्द हसण्याच्या रीतीबद्दल, आणि रीतीतून माणसाबद्दल बोलतो. इंग्रजीत 'ली' हा एकच प्रत्यय दोन्ही कामं करतो. (हा प्रत्यय ज्या जुन्या शब्दापासून आला त्याचा अर्थ देह, आकार असा होता, त्या अर्थानं तो वस्तूचं वर्णन करतो यात नवल नाही.)

मराठी ही दोन कामं वेगळी ठेवते. धणे जाडेभरडे कुटले. डाळ जाडीभरडी दळली. पीठ जाडंभरडं दळलं. शब्द कसा वस्तूच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो बघा. धणे म्हणजे जाडेभरडे, डाळ म्हणजे जाडीभरडी. आपल्या भाषेनं ओळखलंय की हे क्रियेचं नाही, वस्तूचं विशेषण आहे. 'जाडसर' किंवा 'भरड' बदलत नाहीत, पण वाक्यात त्यांची जागा तीच. आता हसण्याकडे या. गाडीवान अचरटपणे हसला. त्याची बायको अचरटपणे हसली. पोरं अचरटपणे हसली. शब्द हलत नाही, कारण तो रीत सांगतो. म्हणून 'कोर्सली' दिसलं की आधी विचारायचं: क्रिया संपल्यावर हातात काही उरतं का? उरत असेल तर विशेषण वापरा आणि ते त्या वस्तूशी जुळवा. उरत नसेल तरच 'पणे'कडे जा. 'भरडपणे', 'खडबडीतपणे', 'जाडसरपणे' हे शब्द मराठी माणूस बोलत नाही. ते फक्त भाषांतरांत सापडतात. मसाल्याच्या एका पाकिटावर 'असभ्यपणे दळलेले' असा मजकूर छापून जायच्या बेतात होता, तो मुद्रितशोधनात माझ्या हाती लागला. लिहिणाऱ्यानं कोशातला दुसरा अर्थ उचलला होता, एवढंच.

वस्तूच्या बाजूला प्रत्येक कामाचा आपापला शब्द आहे आणि तो कोशापेक्षा त्या माणसांकडे लवकर मिळतो. कूट, मिरी, चटणी 'जाडसर'. गिरणीत ढोकळ्याचं पीठ 'रवाळ' दळून मागतात, लापशीचे गहू 'भरडून' आणतात, आणि वड्यांच्या जाडसर पिठाला तर 'भरडा' असं नावच आहे. 'कोर्सली' चिरलेला कांदा म्हणजे मोठा मोठा चिरलेला. 'कोर्सली' किसलेलं गाजर म्हणजे किसणीच्या मोठ्या भोकांवर किसलेलं. विणलेलं असेल तर 'जाडंभरडं'. कापडगिरणीत हा अर्थ आकड्यात मोजतात: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो सुताचा काउंट, आणि काउंट जितका कमी तितकं सूत जाड. बांधकामावर तर 'जाड, भरड' काहीच म्हणत नाहीत. ४.७५ मिलीमीटरच्या चाळणीवर जे राहतं त्याला अभियंते 'कोर्स' म्हणतात, साइटवरचा मुकादम 'खडी' म्हणतो, आणि खालून गळते ती रेती. भूशास्त्रात 'भरडकणी' चांगला रुळला आहे. जमिनीखाली सावकाश थंड झालेला ग्रॅनाइट भरडकणी, आपल्या सह्याद्रीचा लवकर थिजलेला बेसाल्ट सूक्ष्मकणी. आणि अंदाजाच्या संदर्भात 'कोर्सली' आलं तर 'ढोबळमानानं'. हा तिसरा अर्थ लोक विसरतात.

वागण्या-बोलण्याच्या बाजूला एवढं भरभर जाता येत नाही. तिथे इंग्रजी शब्द मोघम आहे आणि मराठी फार नेमकी. कोण बोलतंय, कोणासमोर, आणि शब्द लैंगिक आहेत की नुसते उर्मट, हे ठरवल्याशिवाय मराठी शब्द निवडताच येत नाही. हावभाव आणि हसणं असेल तर 'अचकटविचकट' हा शब्द इतका चपखल आहे की मी त्याला पहिली पसंती देतो. विनोद असेल तर 'पाचकळ'. त्यात थोडी लैंगिक लाडीगोडी असेल तर 'चावट', पण चावटात प्रेमही असू शकतं, म्हणून जपून. शिव्या असतील तर 'शिवराळ'. पोलिसांच्या कागदावर 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ' येते. कथेतल्या संवादाशेजारी ते शब्द ठेवले की पात्राच्या जागी फिर्यादी बोलू लागतो. 'वाह्यात', 'फाजील' हे मोठ्यांनी लहानांना रागावतानाचे. 'रासवट' आणि 'रांगडा' यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे: रांगड्या माणसाबद्दल मराठी बोलणाऱ्याच्या मनात कौतुक असतं, आणि इंग्रजी 'कोर्स'मध्ये कौतुकाला जागा नाही. म्हणून 'रांगडेपणानं हसला' लिहिलंत तर तुम्ही लेखकाचा तिरस्कार पुसून टाकलात.

'अश्लील' या शब्दाबद्दल मला स्वतंत्रपणे सांगायचं आहे. नवखा असताना एका खातेनिहाय चौकशीतल्या जबाबाचं मी भाषांतर केलं. साक्षीदारानं साहेबाबद्दल म्हटलं होतं की ते 'कोर्स' भाषेत बोलले. मी 'अश्लील भाषेत' लिहिलं. एका ज्येष्ठ वकिलांनी ते पान परत माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, नक्की काय बोलले ते वाचलंस का? पुढच्या पानावर होतं: गाढव, बिनडोक, तुझ्या बापानं तुला काय शिकवलं. त्यात अश्लील एक अक्षर नव्हतं. अश्लील हा कायद्यातला शब्द आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य किंवा शब्द यांच्यासाठी भारतीय दंड संहितेत कलम २९४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९६ आहे. माझ्या एका शब्दानं एका तोंडाळ माणसावर वेगळ्याच गुन्ह्याची सावली पडली असती. तेव्हापासून 'कोर्स' भाषेला मी 'हलकी भाषा', 'असभ्य भाषा', 'तोंड सोडून बोलणं' यांतलं काही लिहितो, आणि 'अश्लील' हा शब्द इंग्रजी 'ऑब्सीन'साठी राखून ठेवतो.

हा भेद आपल्याकडे जुना आहे. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटानं काव्यातले दोष मोजले तेव्हा 'अश्लील' आणि 'ग्राम्य' हे दोन वेगळे दोष धरले. अश्लीलाचे त्यानं तीन प्रकार केले: लाज आणणारं, किळस आणणारं, अमंगल सुचवणारं. आणि ग्राम्याचं उदाहरण म्हणून त्यानं काय दिलं असेल? 'कटि', म्हणजे कंबर. एवढाच शब्द. त्यात लाजेचं काही नाही, किळसवाणं काही नाही. नागर सभेत तो शब्द खेड्यातला वाटतो, इतकाच त्याचा अपराध. पुढे पंढरीच्या विठोबाचं ध्यान रंगवताना संतांनी त्याच कटीवर त्याचे हात ठेवले, आणि मराठी माणसाला आज तो शब्द ऐकून दुसरं काही आठवतच नाही. शब्द तोच. त्याला भरड ठरवणारी सभा बदलली.

म्हणून 'कोर्स'साठी 'ग्राम्य' किंवा 'गावंढळ' लिहायला माझा हात कचरतो. कादंबरीतलं एखादं शहरी पात्र दुसऱ्याकडे तशा नजरेनं पाहत असेल तर जरूर लिहा, कारण तिथे ती नजर दाखवायचीच आहे. पण निवेदनात, स्वतःच्या जबाबदारीवर, असभ्यपणाला गावाचं नाव देऊ नका. शिवराळ माणसं मी मुंबईच्या काचेच्या इमारतींतही पुष्कळ पाहिली आहेत.

हा शिक्का किती खोल जातो याचं एक उदाहरण आपल्या ताटातलंच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना सरकारी इंग्रजीत वर्षानुवर्षं 'कोर्स ग्रेन्स' म्हणत, आणि मराठीत त्याचं 'भरड धान्यं' झालं. नाचणीचा दाणा मोहरीएवढा असतो, आणि तिचं पीठ बोटांत घेतलं तर इतकं मऊ लागतं की तांदळाच्या पिठालाही मागे टाकेल. मग त्यात भरड काय? भरड होतं ते खाणाऱ्याचं जगणं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकवणारा, गहू-तांदूळ न परवडणारा माणूस ते खायचा, म्हणून धान्य भरड. पंधराव्या शतकातल्या कापडाचं जे झालं तेच. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ज्वारी, बाजरी, नाचणी आणि राळा-कोद्र्यासारख्या धान्यांना 'पोषक धान्यं' असं नाव दिलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलेल्या २०२३ सालच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्री अन्न' म्हटलं गेलं. नाव बदलून भाव आणि मान किती मिळाला ही चर्चा वेगळी. पण भाषेचा माणूस म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. 'अश्लील' हा शब्द जुन्या 'अश्रीर'पासून आला. ऋग्वेदातल्या गाईंच्या सूक्तात तो आहे: गाईंनो, तुम्ही 'अश्रीर' माणसालाही देखणं करता. अश्रीर म्हणजे श्री नसलेला, शोभा नसलेला, बेरूप. 'र'चा 'ल' झाला आणि बेरूपाचं अश्लील झालं. ज्या धान्याला आपण भरड म्हणून खाली बसवलं, त्याला वर उचलताना जो शब्द सुचला तो नेमका 'श्री'. पोत, शोभा आणि सभ्यता ही मंडळी आपल्या भाषेतही एकाच घरात राहतात याचा याहून चांगला पुरावा मी तुम्हाला देऊ शकत नाही.

आता तिसरं वाक्य. इथे लेखकानं तो शब्द जाणूनबुजून दोनदा वापरला आहे. हात कोर्स, बोलणं कोर्सली. एकाला 'खरखरीत' आणि दुसऱ्याला 'असभ्य' लिहिलंत तर वाक्य बरोबर होईल आणि त्यातला जीव जाईल. सोड्यानं जसे हात झाले तशीच जीभ झाली, असं लेखकाला म्हणायचं आहे. दोन्ही एकाच राबण्यातून आलं आहे. म्हणून दोन्हीकडे चालेल असा एक मराठी शब्द हवा.

संस्कृतात असा शब्द आहे, 'परुष'. मुळात तो बोरूसारखा गाठी-पेरांचा, हाताला टोचणारा. तिथून कठोर बोलणं: गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी लक्षणांत 'पारुष्य' येतं, आणि कौटिल्यानं शिवीगाळीला 'वाक्पारुष्य' म्हणून वेगळं प्रकरण दिलं. त्याच्या उलट 'श्लक्ष्ण', गुळगुळीत. मनुस्मृतीत वाणी मधुर आणि श्लक्ष्ण असावी असं सांगितलंय. इंग्रजी 'कोर्स' आणि 'पोलाइट' या जोडीला याहून जवळचं काही नाही. पण मोलकरणीच्या बोलण्याला 'परुष' म्हटलं की ती थेट नाटकातल्या दरबारात जाऊन उभी राहते.

मी 'खरखरीत' लावून पाहिला. हात खरखरीत होतात, पण बोलणं खरखरीत म्हटलं की घसा बसल्यासारखं वाटतं. 'रूक्ष' घेतला तर बोलणं कोरडं होतं, हलकं होत नाही. 'ओबडधोबड' हातांना बरा, बोलण्याला मोघम. मग 'राठ' आठवला. केस राठ होतात, कातडी राठ होते, पाऊस न पडलेली जमीन राठ होते, आणि माणूसही राठ बोलतो. त्यात मालकिणीला टोचेल एवढा उद्धटपणा आहे, आणि त्या बाईवर गावंढळपणाचा शिक्का नाही. शिव्यांचा अर्थ त्यातून निघत नाही हे खरं, पण तुमच्या उताऱ्यात ती शिवी देतच नाही, ती फक्त 'तुमचं तुम्ही बघा' एवढंच म्हणते.

मी असं लिहीन: 'धुण्याच्या सोड्यानं तिचे हात राठ झाले होते, आणि मालकिणीशी ती बोलायचीही तशीच राठ.' शेवटी 'राठपणे' नको. 'राठ' मोकळाच ठेवा, हातांना जसा लागला तसाच बोलणाऱ्या बाईला लागू द्या.